मदरबोर्डवरची जवारी

दशरथ मेस्त्रींचे कान गेले, हे मिरजेत सगळ्यांत शेवटी कळलं ते दशरथ मेस्त्रींना. आधी गायकांना कळलं. मग तंबोरे बनवणाऱ्या त्या गल्लीतल्या बाकीच्या कारागिरांना. मग कोपऱ्यावरच्या चहावाल्याला, कारण मेस्त्री त्याच्याशी हल्ली भांडल्यासारखे मोठ्यानं बोलायला लागले होते. त्यांच्या मुलीला, शीतलला, तर फार आधीच कळलं होतं. पण सांगणार कसं? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, तर निदान मांजराला ती ऐकू तरी यायला हवी.

शेवटी सांगितलं ते पुण्याच्या एका गायकानं. नवा तंबोरा घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी परत घेऊन आला. फार नम्र माणूस. म्हणाला, "मेस्त्री, काम सुरेख आहे. पण तंबोरा नुसता वाजतोय. बोलत नाही."

मेस्त्रींनी तार छेडली. कान भोपळ्याला लावला. पुन्हा छेडली. मग तंबोरा शीतलकडे दिला आणि म्हणाले, "तू बघ." त्या दिवसानंतर त्यांनी जवारी काढायची कानस हातात धरली नाही.

जवारी म्हणजे काय, ते इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण सगळं दुखणं तिथलंच आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक चपटी पट्टी असते, तिला घोडी म्हणतात. तार तिच्यावरून जाते. साध्या वाद्यात तार अशा पट्टीवरून एकदम सुटते. तंबोऱ्यात ती सुटता सुटता पट्टीला घासत राहते, आणि त्या घासण्यातून एका सुराच्या पोटातले दहा सूर बाहेर पडतात. हे व्हावं म्हणून घोडीचा माथा कानशीनं घासून त्याला न दिसणारा उतार द्यायचा आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. कागदाच्या जाडीचा दहावा भाग जास्त घासला गेला, की संपलं. हे डोळ्यांनी होत नाही, कानांनी होतं. आणि म्हातारपणी कानातले सगळ्यांत आधी जातात ते नेमके हेच वरचे, बारीक सूर. बोलणं ऐकू येतं, दार वाजलेलं ऐकू येतं; जवारी तेवढी नाही.

शीतल तेव्हा छत्तीस वर्षांची होती. सोळाव्या वर्षापासून ती बापाच्या शेजारी बसून घासत होती. हात तयार झाला होता, असं तिला वाटायचं. पण या धंद्यात स्वतःला वाटून भागत नाही. थोरल्या कारागिरानं तुमचा तंबोरा मांडीवर घ्यावा, डोळे मिटावेत आणि "झालं" म्हणावं, तेव्हा तुम्ही कारागीर. अण्णांना, म्हणजे दशरथ मेस्त्रींना, त्यांच्या उस्तादांनी, मौलासाहेबांनी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी हे म्हटलं होतं. अण्णांनी शीतलला म्हटलं नव्हतं. आधी तिचा हात कच्चा म्हणून म्हटलं नाही, आणि हात पिकला तोवर यांचे कान गेले.

कान दिवसेंदिवस आणखी गेले. श्रवणयंत्रं झाली. महागातली झाली, त्याहून महागातली झाली. अण्णा म्हणायचे, "पत्र्याचा डबा बडवल्यागत वाटतंय," आणि काढून ठेवायचे. त्यात त्यांची चूक नव्हती. कानातल्या ज्या पेशी मेल्या, त्यांना कितीही मोठ्यानं हाक मारा, त्या ओ देत नाहीत.

मग त्या वर्षी इरफाननं त्यांना कॉम्प्युटर घ्यायला लावला.

इरफान बागवान शीतलच्या वर्गातला. स्टेशन रोडला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वाद्याचा आवाज आल्या दिवशीच रेकॉर्ड करून ठेवावा, म्हणजे "आमचा तंबोरा तुम्ही बिघडवला" म्हणायला कुणाला जागा नको, असं त्यानं शीतलच्या डोक्यात भरवलं होतं. एका सकाळी ती अण्णांना घेऊन त्याच्याकडे गेली.

"आवाज मदरबोर्डवरचाच वापरणार, का बाहेरची डबी देऊ?" इरफाननं विचारलं.

"म्हणजे?"

त्यानं समजावून सांगितलं. कॉम्प्युटरच्या आत आवाज नसतो, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांची वीज करून हेडफोनकडे पाठवायची, हे काम एक चिप करते. पूर्वी ती मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवर, बाकीच्या गर्दीत बसायची. शेजारी प्रोसेसर, पंखे, वीजपुरवठा, सगळ्यांची खरखर तिच्यात शिरायची. भर बाजारात बसून सूर लावावा तसं. म्हणून शौकीन लोक बाहेरची वेगळी डबी घ्यायचे. तीत काम तेच, पण गर्दीपासून लांब, स्वतःच्या बॅटरीवर.

"आता कंपन्यांनी वेगळीच शक्कल काढलीय," तो म्हणाला. "चिपला गर्दीतनं उठवलंच नाही. तिला शहाणी केली. या नव्या बोर्डावरच्या चिपनं करोडो तास आवाज ऐकलेत. आत काय आलं ते ती ओळखते आणि ते कसं असायला पाहिजे, तसं बाहेर सोडते. वर ती ऐकणाऱ्याचा कान तपासते. कानाला जे ऐकू येत नाही, ते खालच्या सुरांत उतरवून, जिथं कान जिवंत आहे तिथं नेऊन वाजवते."

"आणि डबी?"

"डबी काय, जे आहे ते. तिला अक्कल नाही."

दोन्ही लावून बघितलं. आधी डबी. इरफाननं कुणाचा तरी तंबोरा लावला. अण्णांनी हेडफोन दाबून धरले, थांबले आणि विचारलं, "बंद हाय का हे?"

"चालू आहे, मेस्त्री," इरफान हळूच म्हणाला. अण्णांना ते ऐकू गेलं नाही. शीतलला गेलं.

मग बोर्ड. त्यात आधी कानाची परीक्षा. चाळीस जोड्या ऐकवल्या. हे बरं का ते बरं? ते बरं का हे बरं? अण्णा पोरासारखे बोट दाखवत गेले. अर्ध्या तासानं तोच तंबोरा पुन्हा लावला, आणि दशरथ मेस्त्री नावाचा पंच्याहत्तर वर्षांचा तापट, हेकट माणूस गिऱ्हाइकांच्या देखत हुंदके देऊन रडला.

"बोलतोय," ते म्हणाले. "शीतल, बोलतोय गं."

बोर्ड गोड करून वाजवतो, एवढं इरफाननं जाता जाता सांगितलं होतं. शीतलनं ते ऐकलंही होतं. पण त्या घडीला गोडाचं कुणाला वावडं असणार? डबी दुकानातच राहिली.

त्यानंतरचे सात महिने त्या घरात सण होता. अण्णा पहाटे उठून आंघोळ करून कारखान्यात येऊन बसायचे. तंबोऱ्यासमोर माइक, कानांवर मोठे हेडफोन. गल्लीतले कारागीर आधी हसले. सुतारानं कानाला डबडं लावलं, कानामागून आली आणि तिखट झाली, असं काय काय बोलले. मग मेस्त्रींच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाले. अण्णा जेवायला लागले, चहावाल्याशी हळू बोलायला लागले, उस्तादांच्या गोष्टी सांगायला लागले. आणि फेब्रुवारीत एका दुपारी त्यांनी शीतलचा तंबोरा मांडीवर घेतला, डोळे मिटले, चारही तारा दोनदा छेडल्या.

"झालं," ते म्हणाले.

शीतल उठून मागच्या खोलीत गेली आणि लाकडाच्या भुश्शावर बसून राहिली. वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं, की माणसाला आधी बसायला जागा लागते.

जूनमध्ये पुण्याहून नीरजा घैसास आल्या. चाळिशीच्या गायिका. त्यांच्या दिवंगत गुरूंचा तंबोरा घेऊन आल्या होत्या. अण्णांनी तो बघितला आणि त्याच्या पाया पडले. तंबोरा मौलासाहेबांच्या हातचा होता. घोडी सांबरशिंगाची, आणि तिच्यावरची जवारी खुद्द उस्तादांनी काढलेली, पन्नास वर्षांत कुणी हात न लावलेली. उस्तादांच्या हातची शाबूत जवारी त्या सगळ्या गल्लीत आता उरली नव्हती. पण तारांनी शिंगावर चर पाडले होते. आवाज अडायला लागला होता.

"मेस्त्री, तुम्हीच करा," नीरजाताई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही मी. चर तेवढे जावेत, बाकी आहे तसं राहावं."

"उस्तादांचा उतार हाय तसा ठेवतो," अण्णा म्हणाले. "माझ्या कानात हाय तो."

दोन वर्षांपूर्वी ते नाही म्हणाले असते. शिंगही फार उरलं नव्हतं. अजून दोनदा जवारी काढता येईल एवढंच. आणि तसलं शिंग आता कायद्यानं मिळत नाही. शीतलनं नेहमीप्रमाणे आल्या दिवशीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला. येत्या शुक्रवारी उस्तादांच्या कबरीवर फुलं ठेवून मग कानस लावायची, असं अण्णांनी ठरवलं.

त्याच आठवड्यातल्या सोमवारची गोष्ट. शीतलनं एका नव्या तंबोऱ्यावर शिसवी लाकडाची नवी घोडी बसवून नुसत्या तारा ओढल्या होत्या. जवारी काढलेली नव्हती, दोरा सरकवलेला नव्हता. असा तंबोरा म्हणजे न भाजलेली भाकरी. ती पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात अण्णा आले, सवयीनं हेडफोन चढवले आणि तारा छेडल्या. ती बाहेर आली तेव्हा ते डोळे मिटून हसत होते.

"बघ, आता कसा बोलतोय," ते म्हणाले. "हात बसला तुझा. माझ्यापरास चांगला बसला."

आधी तिला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नाही हे दिसलं.

दुपारी तिनं त्या कोऱ्या घोडीचा आवाज एका पेनड्राइव्हवर घेतला आणि इरफानकडे गेली. इरफाननं तो बोर्डावरून वाजवला. सुंदर जवारी. गोल, भरलेली, सावकाश उमलणारी. मग तेच रेकॉर्डिंग डबीतून वाजवलं. ठक्. ठक्. लाकडावर तार आपटल्याचा आवाज. तिनं सकाळी उघड्या कानांनी ऐकला होता तोच.

"तुझ्या दुकानातल्या बोर्डानंही तीच जवारी कशी दिली?" तिनं विचारलं.

"अण्णांची परीक्षा इथंच घेतली होती ना? ती त्यांच्या नावावर साठलेली आहे. तेच नाव मी आत्ता लावलं." इरफाननं डबीची पिन काढली. "चाळीस जोड्यांतून चिप काय शिकली? तंबोरा आला की या माणसाला काय ऐकायचंय ते. मग ती तेच देते. आत काहीही येऊ दे. साठवताना ती काही बदलत नाही, साठवलेल्यात हात घातला तर कंपन्या कोर्टात उभ्या राहतील. बदल सगळा बाहेर जाताना."

"बंद करता येत नाही?"

"सॉफ्टवेअर असतं तर केलं असतं. हे चिपमध्ये ओतलेलं आहे. डबी हाच उपाय."

"म्हणजे सात महिने त्यांनी जे ऐकलं..."

"त्यांच्या तरुणपणातलं ऐकलं असेल," इरफान म्हणाला. "माझं चुकलं, शीतल. मी नीट सांगायला पाहिजे होतं."

ती डबी पिशवीत टाकून घरी आली. रस्ताभर मनाशी वाक्यं जुळवत आली. सांगायचं हे नक्की होतं. उस्तादांचा तंबोरा खुंटीला टांगलेला होता आणि शुक्रवार चार दिवसांवर होता. अण्णांनी त्या कानांच्या भरवशावर कानस लावली, तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

घरी अण्णा ओट्याशी उभे राहून स्वतःच्या हातानं पिठलं करत होते. "आज तुझा तंबोरा झाला, तोंड गोड कराया पायजे," म्हणाले आणि हसले, "पर मला येतंय तेवढं हेच." तिनं जेवून घेतलं. सोमवार गेला. मंगळवारी त्यांचे जुने सोबती भेटायला आले, आणि अण्णांनी त्यांच्यासमोर तिला हाक मारून म्हटलं, "ही आता माझ्या वर गेली." मंगळवार गेला. बुधवारी तिनं डबी पिशवीतून बाहेर काढली आणि परत ठेवली.

तिला त्यांची कीव येत होती हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं, आणि तिनं ते स्वतःपासून लपवलंही नाही. चिप खोटी तर अण्णांचं "झालं"ही खोटं. ते एक शब्दाचं सर्टिफिकेट हातून सुटायचं होतं, आणि पुन्हा देऊ शकेल असे कान त्या माणसाकडे आता कधीच येणार नव्हते. चार दिवस ते तिच्याजवळ राहू दे, असं तिला वाटलं. कळत होतं, वळत नव्हतं. गुरुवारही गेला.

शुक्रवारी सकाळी अण्णा कबरीवर फुलं ठेवून आले. तंबोरा खाली घेतला, तारा सैल करून बाजूला केल्या, घोडीवरून बोट फिरवलं. हेडफोन चढवले. कानस उचलली.

"अण्णा," ती म्हणाली.

त्यांच्या कानांवर हेडफोन होते. त्यांनी पहिला हात मारला.

त्या वेळी थांबवता आलं असतं. एका हातानं चर फक्त उथळ होतो, उतार जात नाही. तिनं पुढं होऊन त्यांच्या खांद्याला हात लावायला हवा होता. ती पिशवीशी उभी राहिली. अण्णांनी तारा परत चढवल्या, छेडल्या, मान डोलावली, अजून थोडं हवं असं स्वतःशीच म्हणाले. घासलं. पुन्हा तारा, पुन्हा कानस. त्यांना प्रत्येक वेळी आवाज थोडा आणखी भरल्यासारखा वाटत होता. चांगला होता तो आणखी चांगला करायचा मोह कुठल्या कारागिराला सुटलाय? शीतलच्या उघड्या कानांना मात्र एकेक सूर विझताना ऐकू येत होता. सहाव्या की सातव्या वेळेला तारेतून काही म्हणजे काहीच आलं नाही. नुसता ठोका.

"ऐक की!" अण्णा हेडफोनमुळे ओरडूनच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "उस्ताद बोलतायत, ऐक! हेच, हेच होतं ते!"

तिनं कॉम्प्युटरच्या मागची पिन उपटली, पिशवीतली डबी काढून जोडली आणि पिन तीत खुपसली.

अण्णांनी तार छेडली. हेडफोनवर टिचकी मारली. पुन्हा छेडली. "बंद पडलं," म्हणाले. मग त्यांचं लक्ष डबीकडे गेलं. ती त्यांनी दुकानात बघितली होती. ते बराच वेळ डबीकडे बघत राहिले. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि उघड्या कानांनी ऐकायचा प्रयत्न केला, एकेक तार, चारही. मग घोडीवरून बोट फिरवलं. बोटं मेली नव्हती. इतका वेळ कानांवर विसंबून त्यांनी बोटांचं ऐकलं नव्हतं, एवढंच.

"उतार गेला," ते म्हणाले.

शीतलनं सगळं सांगितलं. चिपचं, चाळीस जोड्यांचं, कोऱ्या घोडीचं. त्यांना ऐकू जावं म्हणून ते सगळं तिला ओरडून सांगावं लागलं, आणि गल्लीतलं कामकाज थांबलं.

अण्णांनी एकच विचारलं. "तुला कवापासनं ठावं हाय?"

"सोमवारपासून."

त्यांनी बोटांवर मोजलं. मंगळ, बुध, गुरू. उठले, मोरीत जाऊन हात धुतले आणि घरात निघून गेले. त्यानंतर बारा दिवस ते कारखान्यात आले नाहीत. रागावले असते तर तिनं सोसलं असतं. ते रागावलेही नाहीत. जेवायला वाढलं की जेवायचे. चहावाल्याशी पुन्हा भांडल्यासारखे बोलायला लागले.

शीतलजवळ एक रेकॉर्डिंग तेवढं उरलं होतं. तंबोरा आला त्या दिवशीचं. डबी लावून तिनं ते रोज ऐकलं. त्यात उस्तादांची जवारी जशीच्या तशी होती, चरांच्या अडखळण्यासकट, जगात उरलेली तेवढीच. पण त्यातलं उस्तादांचं काय आणि चरांचं काय, शिंगाचं काय आणि जुन्या तारेचं काय, हे तिला कसं कळावं? ती आयुष्यात उस्तादांच्या समोर बसली नव्हती. ज्यांना एका क्षणात कळलं असतं ते शेजारच्या खोलीत भिंतीकडे बघत बसले होते, आणि हे रेकॉर्डिंग त्यांना ऐकवायचा कुठलाही खरा मार्ग नव्हता. डबीतून त्यांना काही ऐकू येणार नव्हतं. बोर्डातून त्यांना सगळंच ऐकू आलं असतं.

तेराव्या दिवशी अण्णा आले. तिच्यापासून दोन हात अंतरावर बसले.

"षड्जाची तार छेडली की," भिंतीकडे बघतच त्यांनी सुरुवात केली, "तिच्यामागनं गंधार येतोय. आपण लावलेला नसतोय तो. समद्यांच्यात येतोय. पर उस्तादांच्यात उशिरा यायचा. वाट बघाया लावायचा. आता न्हाई येत म्हणेस्तोवर यायचा."

तिनं हेडफोन चढवले. ऐकलं. पुन्हा ऐकलं. होता. फार मागून, बारीक, पाय न वाजवता आलेला.

"आहे," ती म्हणाली.

"असणारच," अण्णा म्हणाले.

दीड महिना असाच गेला. ते सांगायचे, ती शोधायची. उस्ताद कानस पुढं लोटायचे, मागं ओढायचे नाहीत. श्वास सोडताना हात मारायचे. सांगता येण्यासारखं सगळं अण्णांनी सांगितलं. सांगता न येण्यासारखं बरंच होतं. तिनं आधी शिसवीच्या नऊ घोड्या घासून बघितल्या आणि मग, ऑगस्टात, शिंगावर कानस लावली. एकदाच जवारी काढता येईल एवढंच ते उरलं होतं. त्या दिवशी अण्णा समोर बसून फक्त तिच्या हाताकडे बघत होते.

नीरजाताई तंबोरा न्यायला आल्या. सतरंजीवर बसल्या, तंबोरा उभा धरला, डोळे मिटून छेडत राहिल्या. कारखान्यात बाकी काही वाजत नव्हतं. पाच मिनिटं गेली असतील.

"मेस्त्री," त्यांनी विचारलं, "उस्तादांची राहिली ना?"

अण्णांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं. प्रश्न त्यांना कळला होता. "हिला इचारा," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई." उभ्या आयुष्यात त्यांनी हे गिऱ्हाइकासमोर कधी म्हटलं नव्हतं.

शीतलला हो म्हणता आलं असतं. गंधार येत होता. लवकर येत होता, पण येत होता, आणि दहांतल्या नऊ जणांना फरक कळला नसता. कदाचित नीरजाताईंनाही नसता.

"नाही, ताई," ती म्हणाली. "ती गेली. आमच्या हातून गेली. त्यातही माझ्यामुळे जास्त." आणि तिनं चार दिवसांचं सगळं सांगितलं.

नीरजाताई ऐकत होत्या आणि त्यांचा हात सवयीनं तारांवरून फिरत होता. "माझ्या गुरूबाईंच्या मागे बसून मी पंचवीस वर्षं हा धरला," त्या म्हणाल्या. "बाई गेल्या तेव्हा वाटलं होतं, हा आहे." निघताना शीतलच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "वाईट नाही वाजत." चांगल्या मनानं म्हणाल्या. शीतलला ते शिवीपेक्षा लागलं.

गाडी गेल्यावर अण्णा कॉम्प्युटरपाशी जाऊन उभे राहिले.

"शीतल, हे मागचं भोक हाय न्हवं, बोर्डाचं. त्यात लाव."

"अण्णा, ते खोटं आहे."

"ठावं हाय."

"मग?"

"कामाला न्हाई लावत आता. कुणाला झालं म्हणत न्हाई." ते स्टुलावर टेकले. "नुसतं ऐकतो. आल्या दिवशीचं लाव, ह्या बाईंच्या तंबोऱ्याचं."

तिनं डबीतली पिन काढून मदरबोर्डच्या मागच्या भोकात लावली आणि हेडफोन त्यांच्या हातात दिले. रेकॉर्डिंग सुरू केलं. अण्णांनी डोळे मिटले. हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, मान एका बाजूला कलली, ओठ हलायला लागले. त्यांना काय ऐकू येत होतं कोण जाणे. उस्ताद नव्हते ते, हे त्यांना माहीत होतं, तिला माहीत होतं.

थोड्या वेळानं ती आपल्या जागेवर जाऊन बसली. नवी घोडी पुढ्यात घेतली, कानस उचलली, आणि आवाज होऊन अण्णांचं ऐकणं मोडू नये म्हणून अगदी हलक्या हातानं घासायला लागली. पाच-सात हात मारल्यावर तिच्या लक्षात आलं, की त्यांना तो आवाज तसाही ऐकू येत नाही. मग तिनं हात नेहमीसारखा चालवला.